पाव, औट आणि एक जादा वाटा

निर्माल्य आणि किस्से ह्यांचं एक असतं बघा. रोज थोडं थोडं साठत जातं, आणि कुठेही टाकवत नाही. निर्माल्याचं ठीक आहे, पिशवी भरली की खाडीत सोडून येता येतं. किस्स्यांची पिशवी कुठे रिकामी करणार? म्हणून म्हटलं, आज तुमच्यासमोरच करावी.

ठाण्यात वर्तकनगरला आमची कॉलनी. मजले चार, लिफ्ट नाही, फोन फक्त आमच्याकडे. ह्यांची नोकरी कोलशेतला कंपनीत. मी घरीच. देवपूजा, उपासतापास, कहाण्या ह्यांत माझा दिवस छान जायचा. गणिताशी माझा संबंध म्हणाल तर पोळ्या मोजण्यापुरता. पण पुढे अकरा वर्षं माझ्या हॉलमध्ये संध्याकाळी मुलं जमत राहिली आणि मी त्यांना अपूर्णांक शिकवत राहिले. हे सगळं सुरू झालं एका नेमामुळे.

* * *

आमचा बंटी तेव्हा पाचवीत होता. एका दुपारी शाळेतून आला तो वही छातीशी धरून. वहीत गणित होतं, पाव अधिक पाव. ह्याने अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, आणि उत्तर लिहिलं दोन छेद आठ.

"अरे, दोन छेद आठ म्हणजे पुन्हा पावच की! पाव कप दुधात पाव कप दूध घातलं तर पावच राहील का?"

"आपल्याकडे राहतं ना आई. बाबा म्हणतात, तू पाणी घालतेस!"

हसले खरी, पण रात्रभर मनाला लागून राहिलं. पोराला 'पाव' म्हणजे काय हेच कोणी दाखवलं नव्हतं. मीसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. देवळात बायका चातुर्मासाचे नेम धरत होत्या. कोणी वांगं सोडलं, कोणी चहा सोडला. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "मी चार महिने रोज दिवेलागणीनंतर कॉलनीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवीन."

देवळातले गुरुजी पंचपात्र हातात धरून तसेच थांबले. "वहिनी, नेम उत्तम आहे. पण ह्याचं उद्यापन कसं करायचं ते माझ्या पोथीत नाही हो!"

उद्यापन राहिलं ते राहिलंच. कार्तिकी झाली तरी मुलं यायची थांबली नाहीत.

* * *

फळा नव्हता. जेवायचा एक जुना पाट उलटा केला, त्याला काळा रंग दिला, झाला फळा. पहिल्या दिवशी मुलं आठ. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "सांगा बरं, एक पाव म्हणजे किती?"

बंटीने हात वर केला. "एक छेद सहा!"

"नीट विचार कर. पाव म्हणजे चौथा भाग."

"नाही आई. कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन ये. एका लादीत सहा पाव असतात. मी दोनदा मोजलेत!"

सगळ्या मुलांनी माना डोलावल्या. बेकरीसमोर माझं काय चालणार! क्लास सुटल्यावर हे कंपनीतून आले, तर त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचलेली. चपला न काढताच दारातून विचारतात, "काय हो बाई, भाजीबरोबर पाव आणायचेत. चौथा भाग आणू, की सहावा?"

* * *

सासूबाई आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसायच्या. माळ चालू असली तरी कान हॉलमध्ये. त्यांच्या लहानपणी मुलं पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करायची. आमचं 'एक छेद दोन, तीन छेद चार' ऐकून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एके दिवशी माळ बाजूला ठेवून बाहेरच आल्या.

"छेद काय, अंश काय! अरे, आमच्या वेळी साडेतीनलासुद्धा स्वतंत्र नाव होतं. औट! एक औट साडेतीन, दोन औट सात..."

मुलं चकित. बंटीच्या डोक्यात मात्र भलतीच बेरीज चाललेली. "आजी, म्हणजे औट म्हणजे साडेतीन?"

"हो रे राजा."

"दहा औट म्हणजे?"

"पस्तीस!"

बंटी उभाच राहिला. "बघ! काल आमची अख्खी टीम दहा औट झाली तेव्हा स्कोअर झालेला चोवीस. म्हणजे आमचे पस्तीस धरायला पाहिजे होते. आपण जिंकलेलो रे!"

तेवढ्यावरून 'बी' बिल्डिंगच्या मुलांशी चार दिवस भांडण चाललं. आजींना पंच म्हणून बोलावणं आलेलं, पण त्यांचा नेमका प्रदोष निघाला.

* * *

श्रावण लागायच्या सुमाराची गोष्ट. आमच्या जिन्यात रोज संध्याकाळी हिराबाई यायची, कोलशेतच्या खाडीवरची कोळीण. आमच्याकडे मासे नाहीत, पण तिचं-माझं बोलणं असायचं. समोरच्या दारात टोपली टेकवून ती मला हाक मारायची, "काकू, आज कोनता उपास?"

त्या दिवशी टोपलीमागे एक मुलगी उभी. तेल लावून चप्प बसवलेले केस, लाल रिबिनी, नजर जमिनीवर.

"ही माजी वनिता. पाचवीला एकदा बसलीय. सगल्यात पास, गनितात नापास. आजा बोलतो, औंदा पुन्ना गेली का शाला बंद, बाजारात टोपलीवं बसवा. काकू, मना टोपलीचं काय वाईट वाटत नाय. पन हिला शिकायचं हाय. रातचं निजंत पन कविता बोलते. तुमी बसवाल का हिला? माजी फेरी होईपावत?"

'नाही' म्हणायला तोंडच उघडेना. वनिता सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसली. सात दिवस एक शब्द नाही. आठव्या दिवशी मी पाटावर दोन अपूर्णांक लिहिले, एक छेद तीन आणि एक छेद चार. "मोठा कोणता?"

"चार! चार!" सगळी पोरं ओरडली. चार तीनपेक्षा मोठे ना!

मागून अगदी बारीक आवाज आला, "तीनवाला."

"का गं बाळ?"

"मानसं वारली का वाटा बारीक होतो."

'वारली' म्हणजे तिच्या बोलीत वाढली. पण बंटीला वाटलं, मेली! तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "वनिता, माणसं वारली तर वाटा मोठा होईल ना गं?"

ती पोरगी इतकी हसली, इतकी हसली, की भिंत सोडून पुढे सरकली ती पुढेच बसायला लागली.

* * *

मग मी एक खेळ काढला. हॉलच्या फरशीवर खडूने लांब रेघ मारली. तिच्यावर इंचाच्या खुणा, आणि इंचाच्या मधे पाव, अर्धा, पाऊणच्या. प्रत्येकाने घरातून एकाच जातीच्या दहा वस्तू आणायच्या, पट्टीने मोजायच्या, आणि ज्याचं जे माप येईल त्याच्या डोक्यावर रेघेवर एक फुली मारायची. सारख्या मापाच्या फुल्या एकावर एक. कुठे उंच मनोरा झाला, कुठे नुसतीच मोकळी जागा राहिली, ते बघायचं.

दिवस सोमवारचा ठरला. श्रावणी सोमवार! माझा कडक उपास, देवघरात शिवामूठ वाहून समई अजून तेवत होती. बंटीने पेन्सिलींचे तुकडे आणले. त्याची मैत्रीण मनीषा, आमच्याच मजल्यावरची, तिने भेंड्या आणल्या. वनिताने वर्तमानपत्राची पुडी सोडली.

सुके बोंबील! दहा!

वास हॉलभर. मी पदर नाकाला लावला आणि देवाला मनात म्हटलं, लेकराने घरात जे मोजण्यासारखं होतं ते आणलंय, रागावू नकोस. वनिता मात्र रंगात आलेली. "पावनेसा... सारेपाच... पावनेसा... पावनेसा..." तिच्या फुल्यांचा मनोरा पावणेसहावर असा चढला की बंटीच्या पेन्सिली लाजल्या.

मी विचारलं, "सगळे इतके सारखे कसे गं?"

"जाल्याचं भोक तवरंच हाय ना काकू. बारके निसटून जातात. फुल्या त्याच्यावंच पडनार."

मी खडू हातात धरून बघत राहिले. त्या दहा फुल्यांत मला बोंबील दिसले होते, तिला जाळं दिसत होतं!

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "सूनबाई, मापं झाली असतील तर फुल्या आत राहू देत आणि मासे बाहेर जाऊ देत!"

नंतर मी फरशी दोनदा पुसली. रेघ तेवढी वगळून.

* * *

सगळेच किस्से काही मिरवण्यासारखे नव्हते. तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. मनीषाच्या मावसबहिणीचं लग्न कल्याणला. मुहूर्त कळवायला कल्याणहून आमच्या फोनवर निरोप आला. मी देवळात, ह्यांची ड्युटी, सासूबाई फोनला हात लावत नसत. फोन घेतला मनीषाने. नीट ऐकलं, आणि घरी जाऊन ठसक्यात सांगितलं, "मुहूर्त बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी!"

लग्नाच्या दिवशी तिच्या घरची सहा माणसं झब्बे-शालू घालून, अहेर घेऊन कल्याणच्या हॉलवर साडेबाराला हजर. बघतात तर अक्षता पडून गेलेल्या, पहिली पंगत मठ्ठ्यापर्यंत आलेली! मुहूर्त होता पावणेबाराचा. मनीषाने हिशेब लावलेला, पाऊण आणि बारा, म्हणजे बारा आणि पाऊण.

संध्याकाळी तिचे वडील शालजोडीतला अहेर घेऊन माझ्या दारात. "काकू, तुमच्या क्लासचा अपूर्णांक आम्हाला पूर्ण एक तासाला पडला!"

दुसऱ्या दिवशी मी 'पावणे' ह्या एकाच शब्दावर तासभर शिकवलं. पाऊण नाही, पाव उणे! बारातून पाव उणे! मनीषा रडवेली होऊन म्हणाली, "मग सरळ 'कमी' म्हणायचं ना हो काकू. लग्नाच्या दिवशी कोण कोडं घालतं?"

* * *

आता वनिताचं. रेघेवर तिला तोड नव्हती. सव्वादोन दाखव म्हटलं की बोट बरोबर तिथे. पाऊण आणि अर्ध्याच्या मधे काय येईल, तेसुद्धा सांगायची. पण वाटणीचं गणित आलं की घोटाळा. एक भाकरी तीन भावांत वाटली, प्रत्येकाला किती? एक छेद चार. एक चिक्की दोन बहिणींत? एक छेद तीन. दर वेळी एक जादा!

मला वाटलं, ही भाग मोजायचे सोडून खुणा मोजत असणार. तीन भाग करायचे तर रेघेवर खुणा चार लागतात ना, तसं. म्हणून आठवडाभर तिला रेघेवर बसवलं. "खुणा नाही गं, मधली घरं मोज." घरं ती अचूक मोजायची. पण रेघ पुसून माणसं आणली, की आणखी एक कुठून तरी येऊन बसलाच!

बंटी म्हणाला, "आई, ही स्वतःला पण धरत असणार. वनिता, तू नाहीस हं त्यात."

"मना ठाव हाय मी नाय त्याच्यात," ती म्हणाली. खोडून बरोबर लिहिलं. आणि पुढच्या गणिताला पुन्हा एक जादा.

मी दर वेळी 'चुकलं' म्हणाले. 'का' म्हणून एकदाही विचारलं नाही. हे आज तुमच्यासमोर कबूल करते, देवासमोर केव्हाच केलंय.

परीक्षा जवळ आली तशी हिराबाईची टोपली हलकी असली तरी ती जिन्यात दम खायला लागली. "आजा रोज इचारतो, काकू." मी गणपतीला एकवीस दूर्वा वाहत होते, अथर्वशीर्ष चालू होतं. वनिताची रेघही चालू होती. दोन्हीकडून प्रयत्न!

* * *

निकालाच्या दिवशी सकाळीच हिराबाई दारात. टोपली नाही, डोळे लाल. "काकू, चार मार्कांनी गेली. मास्तर बोलले, पालकांना घेऊन ये. माज्यासंगती चला. मना त्यांचं बोलनं समजनार नाय आनि त्यांना माजं."

मी देवाला नमस्कार केला, पायात चप्पल घातली आणि निघाले.

तिच्या शाळेचे हेडमास्तर पाचवीला गणितही तेच शिकवायचे. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, माणूस कडक पण वाईट नाही. त्यांनी पेपर पुढे ठेवला. "बाई, मुलगी मेहनती आहे, मान्य. पण वाटणीची पाचही गणितं चुकली. मी काय करू सांगा?"

मी म्हटलं, "गुरुजी, एकदा तोंडी विचारून बघा. माझ्यासमोर."

त्यांनी घड्याळ बघितलं, वनिताकडे बघितलं. "ये इकडे. ह्या रेघेवर पाऊण दाखव." दाखवलं. "दीड." दाखवलं. "पंचमांश मोठा की षष्ठांश?" "पंचमांश." हेडमास्तर जरा सरळ बसले. "बरं. तिघांनी मिळून एक भाकरी सारखी वाटली. प्रत्येकाला किती?"

मी डोळे मिटले आणि नाम घेतलं.

"एक छेद चार."

हिराबाईने माझा हात घट्ट धरला. हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर समजलं असतं, पण ते दमल्यासारखे म्हणाले, "अगं, माणसं तीन. मग हा चौथा वाटा कोणाचा?"

वर्षभरात हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. वनिता गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिली, हे काय विचारायचं असतं का, अशी.

"होरीचा."

"कोणाचा?"

"होडीचा, मास्तर," हिराबाई बोलली, तिचा हात अजून माझ्या हातात. "खाडीवं तिघं जन मासं माराय गेले का वाटे चार होतात. तिघांचे तीन, एक होडीचा. होडी ज्याची त्याला जातो तो. ही लहानपनापासून बापासंगती वाटे लावते. आमच्यात होडीला इसरलेलं चालत नाय."

हेडमास्तरांनी पेपर पुन्हा ओढला. पहिलं गणित बघितलं, दुसरं, मग पाचही. प्रत्येकात एक जादा, कुठेही दोन नाहीत, कुठेही कमी नाही. मग स्वतःशीच म्हणाले, "एकाच गोष्टीचे मी पाच वेळा मार्क कापले की!"

"वनिता, ही भाकरी आहे. मासे नाहीत. होडी नाही. आता सांग."

"मंग एक छेद तीन."

"चिक्की, दोन बहिणी?"

"होडी नाय?"

"नाही."

"एक छेद दोन."

पाचही तोंडी घेतली. पाचही बरोबर. त्यांनी लाल पेन उचललं, प्रगतिपुस्तकावरचा शेरा खोडला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सहावीत बढती'. खाली सही. हिराबाईला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिथे जे दिसलं ते बघून वनिताला जवळ ओढलं.

आम्ही निघालो. दारापर्यंत पोचलो तेवढ्यात हेडमास्तरांनी हसत मागून हाक मारली, "वनिता, सहावीत ध्यानात ठेव हं. भाकरीच्या गणितात जादा वाटा मागायला कोणी नसतं!"

वनिता वळली. आधी तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"असते ना गुरुजी. भाकर थापनारी असते. पन ती मागत नाय."